अंगावर काढलेले दुखणे

“यंदाच्या दिवाळी अंकासाठी कोणता शब्द घेणार?” संपादकांनी टेलिफोनवर विचारले. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की मी पडले मराठीची प्राध्यापिका. एखादा शब्द धरून बसावे आणि त्याच्या आडून संसारातल्या चार गोष्टी बोलून घ्याव्यात, ही माझी खोड. मी म्हटले, “अंग.” संपादकांना आनंद झालेला दिसला. अभ्यंगस्नान, उटणे, सुगंधी तेल, पहाटेचा गारठा, असा एखादा खमंग लेख हाती पडणार, असे त्यांना वाटले असावे. मी पुढे म्हटले, “म्हणजे असे, की ‘अंगावरून जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’ या दोन वाक्प्रचारांविषयी लिहावे म्हणते.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “लिहा. फक्त एवढे ध्यानात असू द्या, की दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात.”

“म्हणूनच तर!” मी म्हटले.

अंग हा आपल्या भाषेतला मोठा कामसू शब्द आहे. अंग मोडून काम करावे, अंग चोरू नये, जबाबदारीतून अंग काढून घेऊ नये. एखादी गोष्ट अंगाशी येते, एखादी अंगवळणी पडते. या साऱ्या ठिकाणी अंग म्हणजे सबंध देह, सबंध माणूस. परंतु चार बायका आवाज उतरवून बोलू लागल्या, की हाच शब्द एकदम आकसतो. ‘अंग बाहेर येते’ म्हणजे गर्भाशय खाली सरकते. ‘अंगावरून जाते’ म्हणजे योनिमार्गातून स्राव जातो. एका अवयवाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून साऱ्या देहाचे नाव त्याला दिलेले. आणि त्या अवयवाला काही झाले, की बाई काय करते? अंगावर काढते.

वर्गात मी या वाक्प्रचाराचा अर्थ सांगते, ‘उपचार न करता दुखणे सोसणे’. मुली तो वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. मला मात्र दर वर्षी तो सांगताना माझी थोरली आत्या आठवते.

आत्याचे घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. कामाला वाघीण, बोलायला गोड, आणि भजनाचे वेड तर असे, की गावातल्या देवळात टाळ वाजला की तिचा हात पोळपाटावर ठेका धरी. पण ही आत्या देवळात कधी पुढे बसली नाही. उंबऱ्यालगत, भिंतीला टेकून, चार हात अंतर ठेवून बसायची आणि आरती संपण्याआधीच उठायची. सुट्टीत आम्ही मुली तिच्याकडे जात असू, तेव्हा ती भल्या पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, परकर धुऊन टाकताना दिसे. ते वाळत घालायची तेही दुसऱ्या लुगड्याखाली झाकून. उन्हाळ्यात रोज तांदळाचे धुवण प्यायची. विचारले तर म्हणे, “उष्णता आहे गं अंगात.” आम्हांला ते पटे. मराठी घरात उष्णतेवर खापर फुटले नाही, असा आजार कोणता?

१९९७ साली मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आत्याचे गुडघे दुखू लागले, म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याचे काम माझ्याकडे आले. डॉक्टरीणबाई वयस्क आणि मोठ्या चौकस होत्या. गुडघे पाहून झाल्यावर त्यांनी आत्याकडे नीट पाहिले आणि सहज विचारावे तसे विचारले, “अंगावरून काही जातं का?” आत्या माझ्याकडे पाहू लागली. मी बाहेर जायला उठले. पण तिनेच माझा हात धरला आणि खाली बघत म्हणाली, “जातं. एक तप झालं.”

बारा वर्षे! बाईंनी तिला आत घेतले, तपासले, स्रावाचा थेंब काचेवर घेतला आणि शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाच मिनिटांत त्या परत आल्या. ट्रायकोमोनास नावाचा एक सूक्ष्म जीव तिथे वळवळत होता. बाईंनी आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी आत्या बरी झाली होती. पिवळसर, फेसाळ स्राव नाही, आग नाही, आणि जिच्या भीतीने ती बारा वर्षे उंबऱ्याशी बसली ती दुर्गंधीही नाही. बरी झाल्याचे सांगताना आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे असावे असे मला वाटले. पण ती म्हणाली, “एवढंच होतं होय गं? आठ दिवसांचंच होतं?”

मधे आणखी एक प्रकरण घडले, तेही सांगितले पाहिजे. बाईंनी गोळ्या दोघांसाठी दिल्या होत्या. हा जीव शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, पण त्याच्याकडून तो बायकोकडे परत येऊ शकतो. आतोबा गोळ्या पाहून उसळले. “दुखणं तुझं, मला कशाला औषध? मला काय झालंय?” यालाच मराठीत अंग काढून घेणे म्हणतात. आत्याने उभ्या जन्मात त्यांना उलट उत्तर दिले नव्हते. त्या रात्री तिने पाण्याचा तांब्या आणि गोळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, “अहो, मी बारा वर्षं सोसलं. तुम्हांला या गोळ्या जड झाल्या?” आतोबांनी मुकाट्याने गोळ्या घेतल्या.

आत्या एकटीच अशी होती काय? मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पुढे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचे गडचिरोलीचे संशोधन वाचनात आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. ६५०पैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली, तर दर बाईमागे ३.६ रोग. त्यांतले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. आणि यापूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या बायका किती? अवघ्या ८ टक्के! बायकांचे आजार म्हणजे बाळंतपण, एवढेच समजणाऱ्या जगाला या आकड्यांनी जागे केले. पुढे राणीबाईंनी ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिले. नाव किती नेमके आहे! जे मोठ्याने बोलले जात नाही, त्याचा कानोसाच घ्यावा लागतो.

आता कोणी म्हणेल, आपल्या संस्कृतीतच या गोष्टी बोलायच्या नसतात. हे काही खरे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे योनीच्या विकारांचा आहे. तिथे असे वीस विकार सांगितले आहेत, आणि ते सांगताना ग्रंथकार कुठे अडखळलेला नाही. श्वेतप्रदर हा शब्द आपल्याकडे आहे, धुपणी हा साधा घरगुती शब्द आहे. कीर्तनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा उल्लेख आला, तर कोणी माना खाली घालत नाही. शब्द होते आणि आहेत. ते उच्चारण्याचे धैर्य मात्र आपण वापरात न ठेवलेल्या भांड्यासारखे माळ्यावर टाकून दिले आहे.

त्याचा परिणाम असा, की काही बायका आजारी असून बोलत नाहीत, तर काही पोरी निरोगी असून घाबरून मरतात. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर घुटमळत राहिली. वसतिगृहात राहणारी, हुशार मुलगी. म्हणाली, “मॅडम, एक विचारू? मला पांढरं जातं. आजी म्हणते, हाडं झिजून जातं ते. माझी हाडं झिजतायत का हो?” महिनाभर ती पोर या काळजीने नीट जेवली नव्हती. मी तिला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. तिला काहीही झाले नव्हते. मासिक पाळीच्या मधल्या दिवसांत, बीज सुटण्याच्या सुमारास, अंड्याच्या बलकासारखा नव्हे, तर त्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, चिकट स्राव जातो. गरोदरपणात तो वाढतो. पाळी येणाऱ्या वयात दिवसाला एक ते चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमचाभराहूनही कमी स्राव जाणे हे प्रकृतीचे लक्षण आहे. त्याला वास नसतो, असला तर किंचित आंबूस. त्याने खाज सुटत नाही, आग होत नाही. हाडांचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही. त्या मुलीला अशक्तपणा होता खरा, पण तो महिनाभर न जेवल्याचा!

हा किंचित आंबूसपणा कुठून येतो, हे ज्या दिवशी मला कळले त्या दिवशी मोठी गंमत वाटली. दुधाला विरजण लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंदच तिथे राहतात. लॅक्टोबॅसिलस हे त्यांचे नाव. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. योनीच्या अस्तरात एक प्रकारची साखर साठवलेली असते. हे जिवाणू तिच्यापासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्यामुळे तिथली आम्लता कायम राहते. शास्त्रज्ञांच्या मापाने सांगायचे, तर पीएच ३.८ ते ४.५ इतका. या आंबट वातावरणात बाहेरच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. म्हणजे निसर्गाने प्रत्येक घराच्या दाराशी एक राखणदार बसवला आहे, आणि तो फुकट काम करतो!

आणि आपण काय करतो? त्याला साबणाने धुऊन हाकलून देतो. स्वच्छतेची आवड आपल्या रक्तात आहे, त्यातून दिवाळी म्हणजे तर जळमटे काढण्याचा सण. पण घरातली जळमटे वेगळी आणि हे विरजण वेगळे. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. तो स्रावच त्याचा झाडू. आत पाण्याची पिचकारी मारणे, जंतुनाशक औषध घालणे, सुगंधी साबणाचे बोट फिरवणे, यांनी तो स्वच्छ होत नाही, उघडा पडतो. हल्ली जाहिरातींतून या जागेसाठी खास सुवासिक द्रवांच्या बाटल्या विकतात. या अवयवाला गुलाबाचा वास यावा अशी निसर्गाची योजना असती, तर त्याने तशी सोय केली असती. बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, फार तर सौम्य, बिनवासाचा साबण, तोही बाहेरच. आणि माझे ‘विरजण’ वाचून कोणी वाटीभर दही घेऊन न्हाणीघरात जाऊ नये. भाऊबंद झाले तरी स्वयंपाकघरातले जिवाणू वेगळे. दही पोटात जावे, ते उत्तम.

इथवर वाचून कोणाला वाटेल, बाई मोठ्या शहाण्या दिसतात. तेव्हा आता माझी स्वतःची फजिती सांगते.

तीन वर्षांपूर्वी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्याच्या दिवसांत, दाढ सुजली म्हणून मी आठ दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या. त्यानंतर खाज सुरू झाली. साधी नव्हे, तासभर एका जागी बसता येऊ नये अशी. सोबत दह्याच्या कवडीसारखा पांढरा, घट्ट स्राव. आत्याची कहाणी लोकांना सांगणारी मी! पण मी डॉक्टरांकडे गेले नाही. औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. आठवड्यात बरे वाटले, महिन्याने पुन्हा सुरू. दुसरे मलम आणले. मग कोणीतरी सांगितले म्हणून जंतुनाशक घातलेल्या कढत पाण्याने धुऊ लागले, आणि आगीत तेल ओतावे तसे झाले. तिसऱ्या मलमानंतर मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. आणि काय सांगावे, चोवीस वर्षे व्यासपीठावरून अस्खलित बोलणाऱ्या माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी म्हटले, “डॉक्टर, तिकडे जरा खाज येते.”

डॉक्टर माझ्याहून वयाने लहान. शांतपणे म्हणाल्या, “तिकडे म्हणजे कुठे, पाठीला?”

मी हसले, आणि मग नीट सांगितले. त्यांनी तपासले. कॅन्डिडा नावाची बुरशी. ती पुष्कळ बायकांच्या शरीरात एरवीही गुण्यागोविंदाने राहत असते. प्रतिजैविकांनी राखणदार मारले गेले, की ती माजते. गरोदरपणात माजते. साधारण चारांपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण डॉक्टरांनी विचारले, “हे कितव्यांदा?” मी म्हटले, “चौथ्यांदा.” त्यांनी लगेच रक्तातली साखर तपासायला सांगितली. मला मधुमेह होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. साखर वाढली की ही बुरशी फोफावते. मी तीन महिने मलमे लावून जिला गप्प बसवीत होते, ती खाज मला ओरडून काही सांगत होती. आणखी वर्षभर अंगावर काढले असते, तर ते चांगलेच अंगाशी आले असते. आज पथ्य, चालणे आणि औषधे यांनी साखर ताब्यात आहे, आणि ती खाज पुन्हा आलेली नाही.

नेहमी आढळणारे प्रकार तसे तीनच. बुरशी, जी माझ्या वाट्याला आली. तिच्यात खाज फार, स्राव घट्ट, दुर्गंधी नाही. ट्रायकोमोनास, जो आत्याच्या वाट्याला आला. पॅरिसच्या आल्फ्रेड दोने यांनी तो १८३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला, आणि त्यावरचे खात्रीचे औषध, मेट्रोनिडाझोल, निघायला १९६०चा सुमार उजाडावा लागला. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळणारा, आणि त्याला मराठी नावही नाही. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. यात बाहेरून शत्रू आलेला असतो असे नाही. राखणदार कमी होतात आणि एरवी कोपऱ्यात पडून असलेले दुसरे जिवाणू घर बळकावतात. स्राव पातळ, करडा, आणि माशासारखा वास, संबंधानंतर अधिकच. खाज बहुधा नसते. हूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स या संशोधकांनी १९५५ साली या विकाराला ओळख मिळवून दिली. तोवर ‘कारण सापडत नाही’ म्हणून बायकांना परत पाठवीत. याने जीव जात नाही. पण गरोदरपणात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा आणि एचआयव्हीसारखे संसर्ग जडण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यालाही अंगवळणी पडू देऊ नये.

तिन्हींची औषधे निरनिराळी आहेत. बुरशीचे औषध जिवाणूंवर चालत नाही आणि जिवाणूंचे बुरशीवर. उलट ती वाढते. “लक्षणे तर तुम्हीच सांगितलीत, मग आम्ही घरीच ओळखू,” असे म्हणाल, तर थांबा. अमेरिकेत ९५ बायका स्वतःच ‘ही बुरशीच’ असे ठरवून दुकानातून औषध घेत होत्या. त्यांची तपासणी करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसत्या बुरशीचा त्रास असलेल्या त्यांत जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. काहींना तर काहीच झालेले नव्हते. आपल्याकडे तर दुकानदार बुरशी, जिवाणू आणि खाज या तिन्हींवर मिळून एकच मलम हातावर ठेवतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, रोग थांबत नाही. खरी तपासणी पाच-दहा मिनिटांची. ती दुखत नाही म्हटले तरी चालेल, आणि सरकारी दवाखान्यातही होते. जिने कधी पुरुषाशी संबंध केलेला नाही, त्या मुलीची तपासणी डॉक्टर बाहेरूनच करतात, तेव्हा आयांनी त्या भीतीने मुलींना घरी बसवू नये.

आता थोडे पुरुष वाचकांशी. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्याने औषध घेणे हे पुष्कळ वर्षांपासून ठरलेलेच आहे. तिसऱ्या प्रकाराबाबत मात्र “नवऱ्याला गरज नाही” असे मानीत. तो बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटे, आणि दोष बाईच्या स्वच्छतेला दिला जाई. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की ज्या जोडप्यांत नवऱ्यानेही गोळ्या आणि मलम घेतले, त्यांच्यात हा विकार उलटण्याचे प्रमाण पुष्कळच कमी झाले. म्हणजे आत्याचे म्हणणे आता शास्त्रानेही मान्य केले आहे, असे समजायला हरकत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दोघांना बोलावले, तर अंग काढून घेऊ नये.

रोजच्या जपणुकीत अवघड काही नाही. आतले कपडे सुती, सैल आणि कोरडे असावेत. वाळत घालायचे ते उन्हात, लुगड्याखाली नव्हे. ऊन लागल्याने कोणाची अब्रू जात नाही. घामेजलेले, ओले कपडे अंगावर फार वेळ ठेवू नयेत. शौचानंतर धुताना, पुसताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नव्हे. पाळीत कापड असो वा पॅड, चार-सहा तासांनी बदलावे; कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. पावडर, अत्तर तिथे नको. प्रतिजैविके डॉक्टरांनी दिल्याखेरीज घेऊ नयेत. संबंधात निरोध वापरावा, म्हणजे पुष्कळ संसर्ग दाराबाहेरच राहतात. पाळी गेल्यानंतर अस्तर पातळ आणि कोरडे होते, आग होते, संबंध दुखतो. तेही “आता वयच झालं” म्हणून सोसायचे कारण नाही, त्यावर साधे उपाय आहेत.

काही गोष्टी मात्र एक दिवसही अंगावर काढू नयेत. स्रावाबरोबर ताप आणि ओटीपोटात दुखणे. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढला, तर पुढे मूल होण्यास अडचण येते. स्रावात रक्त, संबंधानंतर रक्त, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेले रक्त; यांत गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका आधी फेडून घ्यावी लागते. गरोदर असताना यातली कोणतीही तक्रार. तेव्हा तर दुकानातली एकही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आणि वर्षातून तीनदा उलटलेली खाज. ती कशाची असू शकते, ते मी सांगितलेच आहे.

एवढे सगळे लिहून झाल्यावर वाटले, यात नवीन ते काय? औषधे साठ वर्षांपूर्वीची, सूक्ष्मदर्शक त्याहून जुना. १९९७ साली तालुक्याच्या दवाखान्यात हे सारे होते. १९८५ सालीही होते. आत्याच्या घरापासून तो दवाखाना नऊ मैलांवर, दिवसातून चार एस.टी. गाड्या. ती बारा वर्षे गाडीअभावी गेली नाहीत. “अंगावरून काही जातं का?” हे चार शब्द विचारणारे तिला कोणी भेटले नाही, म्हणून गेली. विचारले मात्र, तिने लगेच उत्तर दिले. मला वाटते, पुष्कळ बायका उत्तर तयार ठेवून बसल्या आहेत. प्रश्नाची वाट पाहत आहेत.

या दिवाळीत लेकी माहेरी येतील, नणंदा-भावजया एकत्र बसतील. चकली का फुटली आणि लाडू का बसला, याची चर्चा होईल आणि व्हावी. मग दुपारी आवराआवर झाली, की त्यांतल्या एकीने दुसरीला हे चार शब्द विचारावेत. आईने मुलीला विचारावेत, सुनेने सासूलाही विचारावेत. संपादकांनी बजावले आहे, की दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात. तसे असेल, तर नवऱ्यांनीही बायकोला विचारावेत, आणि उत्तर आले तर दवाखान्यात बरोबर जावे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे गेले होते. कार्तिकातला काकडा चालू होता. पहाटे चारला तिने मला उठवले. परकर धुवायला नव्हे, देवळात जायला. मी सवयीने उंबऱ्याशी बसले. आत्या सरळ पुढे गेली, पहिल्या ओळीत, विणेकऱ्याच्या शेजारच्या बायकांत दाटीवाटीने बसली, आणि आरती पुरी होईपर्यंत उठली नाही.